ऑफिस नसलं की स्वभाव जास्त बोलतो

2020 नंतर गोव्यातल्या कितीतरी घरांत एका खोलीचं रूप बदललं. पुण्या-बंगळुरूला नोकरीसाठी गेलेली मुलं-मुली लॅपटॉप घेऊन डिचोलीला, फोंड्याला, पेडण्याला परतली. काही पुन्हा गेली, काही इथंच राहिली. आज साखळीत बसलेल्या मुलीचा मॅनेजर हैदराबादला असतो, कामातला सहकारी पुण्यात असतो आणि काम तपासणारी बाई लिस्बनला असते. ही माणसं एकमेकांना एकदाही समोरासमोर भेटलेली नसतात.

अशा टीमांत काही बिनसलं की खापर लगेच स्वभावावर फुटतं. ‘तो आळशी आहे’, ‘ती फार मनाला लावून घेते’, ‘त्याला कुणाशी बोलायलाच नको असतं.’ यात तथ्य किती? माणसाच्या स्वभावाचा टीमच्या कामावर परिणाम होतो का? होतो, आणि लांबून काम करताना तो वेगळ्या वाटेनं होतो. पण आपण ज्याला समोरच्याचा स्वभाव म्हणतो, ते पुष्कळदा त्याच्या परिस्थितीचं आपल्यापर्यंत पोचलेलं अर्धवट चित्र असतं. या दोन गोष्टींतला फरक कळला नाही, तर चांगली माणसं हकनाक बदनाम होतात.

आधी स्वभाव मोजतात कसा ते पाहू. 1936 मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजीचा जाडजूड शब्दकोश चाळून माणसांतला फरक सांगणारे जवळपास 18,000 शब्द वेगळे काढले. माणसामाणसांतला जो फरक रोजच्या जगण्यात महत्त्वाचा असतो, त्याला भाषेत शब्द असणारच, असा त्यामागचा विचार होता. पुढच्या काही दशकांत इतर संशोधकांनी या शब्दांची चाळणी केली, एकाच माणसात सहसा एकत्र दिसणारे गुण एकत्र ठेवले, आणि यादी पुन्हा पुन्हा पाच गटांपाशी येऊन थांबली.

पहिला गट नव्याची ओढ. दुसरा काटेकोरपणा, म्हणजे घेतलेलं काम वेळेत आणि नीट पुरं करणं. तिसरा बहिर्मुखता, चौथा सामोपचार, म्हणजे दुसऱ्याशी जुळवून घेण्याची आणि विश्वास टाकण्याची वृत्ती. पाचवा चिंताळूपणा, म्हणजे ताण आला की मन किती लवकर ढवळून निघतं. हे पाच कप्पे नव्हेत, पाच पट्ट्या आहेत. प्रत्येक पट्टीवर माणूस कुठेतरी असतो आणि बहुतेक माणसं मधल्या भागात असतात. माणसाला चार अक्षरांचं लेबल लावून ‘तू या प्रकारातला’ असं सांगणाऱ्या चाचण्या कंपन्यांत लोकप्रिय आहेत. पण मधल्या माणसाला जबरदस्तीनं इकडे नाहीतर तिकडे ढकललं, की तोच माणूस काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिल्यावर दुसऱ्याच प्रकारात जाऊन बसतो. टीम बांधताना त्यांच्यावर भिस्त ठेवू नये, असं मला स्पष्ट वाटतं.

आता मुख्य मुद्दा. 1968 मध्ये वॉल्टर मिशेल यांनी मानसशास्त्रात मोठी खळबळ उडवली. माणूस कसा वागेल हे केवळ त्याच्या स्वभावाच्या गुणांवरून फारसं सांगता येत नाही, परिस्थितीचा वाटा मोठा असतो, असं त्यांनी दाखवून दिलं. त्या वादातून एक उपयोगी कल्पना रुजली. काही परिस्थिती घट्ट असतात, काही सैल. लाल सिग्नलपाशी तापट माणूसही थांबतो आणि शांत माणूसही. तिथे स्वभावाला फारसा वाव नसतो. रविवारची मोकळी दुपार कशी घालवायची हे मात्र ज्याच्या त्याच्या स्वभावावर ठरतं.

ऑफिस ही बऱ्यापैकी घट्ट परिस्थिती आहे. साडेनऊला पोचायचं असतं, शेजारचा काम करत असतो, साहेब मधूनच डोकावतात, दुपारी सगळे एकत्र जेवतात. टाळाटाळ करणाऱ्याला ही चौकट ओढून नेते, बुजऱ्याला चहाच्या वेळी कुणीतरी बोलतं करतं. घरी बसलं की ही चौकट गळून पडते. कधी सुरुवात करायची, कुणाला कधी उत्तर द्यायचं, अडलं तर विचारायचं की स्वतःच झगडत बसायचं, हे सगळं एकट्यानं ठरवायचं असतं. परिस्थिती सैल होते आणि ती मोकळी जागा स्वभाव भरून काढतो. म्हणून लांबून काम करणाऱ्या टीममध्ये माणसांतले फरक ठळक होतात. माणसं बदललेली नसतात, त्यांना सावरून धरणारं काहीतरी गेलेलं असतं.

यामुळे पाचांपैकी काटेकोरपणाचं वजन वाढतं. तसं ते आधीही कमी नव्हतं. मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी 1991 मध्ये अनेक जुन्या अभ्यासांची एकत्रित मांडणी केली, तेव्हा जवळपास सगळ्या प्रकारच्या नोकऱ्यांत चांगल्या कामाशी सातत्यानं जोडलेला आढळला तो हाच गुण. घरून काम करताना तर पाठीमागे उभं राहणारं कुणी नसतं.

पण काटेकोर माणसं घरी बसवली की काम झालं, इतकं ते सरळ नाही. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या शांघायमधल्या कॉल सेंटरमध्ये निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांचा एक प्रयोग केला. घरून काम करायला तयार असलेल्या कर्मचाऱ्यांतून निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीनं घरी पाठवलं, उरलेल्यांना ऑफिसात ठेवलं. घरच्यांचं काम 13 टक्क्यांनी वाढलं. प्रयोग संपल्यावर सगळ्यांना पुन्हा निवड करू दिली, तेव्हा त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांनी आपली जागा बदलली. घरी गेलेले कितीतरी जण ऑफिसात परतले, आणि त्यामागचं एक मोठं कारण एकटेपणा होतं. अशी ज्यानं त्यानं आपल्याला मानवेल ती जागा निवडल्यावर घरून काम करण्याचा फायदा वाढून सुमारे 22 टक्क्यांवर गेला. घरून काम चांगलं की वाईट, या वादात हा दुसरा आकडा फार कमी वेळा ऐकू येतो. मला तोच जास्त मोलाचा वाटतो. कुणाला काय मानवतं हे माणसागणिक वेगळं असतं आणि निवडीची मोकळीक दिली तर माणसं ते बऱ्यापैकी ओळखतात.

कॉल सेंटरचं काम मात्र ज्याचं त्याचं असतं. टीमचं काम एकमेकांत गुंतलेलं असतं, आणि तिथे प्रश्न येतो की टीमचा ‘स्वभाव’ म्हणजे काय धरायचं. सगळ्यांची सरासरी, की सर्वांत कमी असलेला एकजण? आपल्याकडच्या भजनाचं पाहा. कोरस धरणाऱ्या दहाजणांत दोघांचा आवाज बेताचा असला तरी चालून जातं, बाकीचे आठजण त्यांना सांभाळून घेतात. पण पखवाजवाल्याची लय सुटली, तर मुख्य गायक कितीही तयारीचा असो, सगळं भजन कोसळतं. इव्हान स्टायनर यांनी 1972 मध्ये गटांच्या कामांची अशीच वर्गवारी केली होती. काही कामांत सगळ्यांची बेरीज होते, काहींत सर्वांत हुशार माणूस गटाला तारून नेतो आणि काहींत सर्वांत कच्चा दुवाच गटाची मर्यादा ठरवतो.

स्वभावाच्या बाबतीत या वर्गवारीचा अर्थ सुझान बेल यांनी 2007 मध्ये केलेल्या मांडणीतून चांगला उलगडतो. प्रयोगशाळेत तात्पुरते जमवलेले गट आणि खऱ्या नोकरीतल्या टीमा त्यांनी वेगवेगळ्या पाहिल्या. खऱ्या टीमांत काटेकोरपणाची आणि नव्याच्या ओढीची सरासरी कामाशी जोडलेली निघाली. सामोपचाराच्या बाबतीत मात्र महत्त्वाचा ठरला तो टीममधला सर्वांत खालचा माणूस. चारजण समजूतदार असले आणि पाचवा प्रत्येक गोष्टीत कुरापत काढणारा असला, तर चौघांच्या चांगुलपणाची सरासरी टीमला वाचवत नाही. ज्यांनी अशा टीममध्ये दिवस काढले आहेत त्यांना हे सांगायला नको.

पडद्यापलीकडून काम करताना हा धोका वाढतो, कारण बोलणं लिखाणात होतं आणि लिखाणात आवाजाचा चढउतार नसतो. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना काही वाक्यं उपरोधानं आणि काही सरळ अर्थानं दुसऱ्याला पाठवायला सांगितली. आपला सूर समोरच्याला साधारण 78 टक्के वेळा कळेल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. आवाजातून पाठवलं तेव्हा तो बराचसा खरा ठरला. ईमेलमधून पाठवलं तेव्हा सूर कळला फक्त 56 टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवून सांगितलं असतं त्याहून थोडंसंच बरं. लिहिताना आपलं वाक्य आपल्या मनात आपल्याच आवाजात वाजत असतं, वाचणाऱ्याला तो आवाज ऐकू येत नाही. त्यामुळे ‘बघतो’ एवढं एक शब्दाचं उत्तर सामोपचारी माणूस होकार म्हणून वाचतो आणि संशयी माणूस टाळाटाळ म्हणून.

सामोपचार जितका जास्त तितकं बरं, असंही नाही. सगळेच जुळवून घेणारे असले तर चुकलेल्या योजनेलाही अंगठ्याचे इमोजी पडतात आणि मीटिंग दहा मिनिटांत आटोपते. समोरासमोर बसलेलं असताना कुणाच्या तरी कपाळावरची आठी दिसते आणि विचारता येतं, ‘काय झालं, पटलं नाही का?’ बंद कॅमेऱ्यामागची आठी कुणालाच दिसत नाही. अशा टीमला हरकत घेणं कुणाचं तरी ठरलेलं कामच करून द्यावं लागतं.

बहिर्मुखतेबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. भरपूर बोलणारा तो पुढारी, असं शाळेपासून मनावर ठसलेलं असतं. कोरीन बेंडरस्की आणि नेहा शाह यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं ते असं: टीम नवी असताना बहिर्मुख माणसांना वजन मिळतं, पण दिवस जातात तसं ते उतरतं, आणि सुरुवातीला कुणी फारशी अपेक्षा न ठेवलेल्या चिंताळू माणसांचं वजन वाढतं. चिंता करणारा माणूस दुसऱ्यांना आपल्याबद्दल काय वाटेल याची काळजी वाहतो, म्हणून टीमच्या कामात जीव ओततो. लांबून काम करताना तर हे आणखी उघड होतं. रादोस्तिना पुर्वानोव्हा आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये मांडलं की टीम जितकी जास्त पडद्यावरची, तितकी पुढारी ठरण्यात बोलघेवडेपणाची मदत कमी आणि प्रत्यक्ष कामाची जास्त होते. वेळापत्रक लावणारा, अडलेल्याला मदत करणारा, राहिलेल्या गोष्टींची आठवण करून देणारा माणूस हळूहळू पुढे येतो. गोव्यातल्या लहान गावांतून काम करणाऱ्या अबोल मुलांनी हे आवर्जून लक्षात ठेवावं.

आणि अबोल म्हणजे तरी काय? इंग्रजी-हिंदीत चाललेल्या मीटिंगमध्ये तासभर म्यूटवर असलेला म्हापशाचा मुलगा घरात मराठी-कोंकणीत सगळ्यांना हसवत असतो. त्याची शांतता स्वभावातून आलेली नसून दुसऱ्या भाषेत चटकन बोलण्याच्या दडपणातून आलेली असते. तोच मुलगा लिहून द्यायला सांगितलं की दोन पानं मुद्देसूद उत्तर पाठवतो. अनिता वूली आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 699 लोकांचे छोटे गट तपासले, तेव्हा गटाची एकत्रित हुशारी सदस्यांच्या सरासरी बुद्ध्यांकाशी फारशी जोडलेली निघाली नाही. ती जोडलेली निघाली दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचे भाव ओळखण्याच्या क्षमतेशी आणि बोलण्याची पाळी सगळ्यांना सारखी मिळण्याशी. या निष्कर्षांवर पुढे वादही झाले. पण 2014 मध्ये याच मंडळींनी फक्त चॅटवर काम करणारे, एकमेकांचा चेहराही न पाहणारे गट तपासले आणि तिथेही भाव ओळखण्याची तीच क्षमता तितकीच उपयोगी पडली. म्हणजे ते कसब डोळ्यांपुरतं नाही. ओळींमागचा माणूस वाचण्याचं ते कसब आहे.

चिंताळूपणाची दुसरी बाजूही आहे. मेसेज गेला, दोन टिका निळ्या झाल्या, उत्तर नाही. निवांत माणूस दुसऱ्या कामाला लागतो. चिंताळू माणूस आपलं काय चुकलं असेल याचा विचार करत दुपार घालवतो, मग घाईनं तीन मेसेज पाठवतो आणि समोरचा वैतागतो. सिरका यार्वेनपा आणि डोरोथी लाइडनर यांनी 1990 च्या दशकात वेगवेगळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांच्या 75 टीमांचा अभ्यास केला. या टीमा फक्त इलेक्ट्रॉनिक साधनांनी जोडलेल्या होत्या. अशा टीमांत विश्वास पटकन बसतो, पण तो फार नाजूक असतो, हे त्यांना दिसलं. तो टिकवण्यात अंदाज बांधता येईल अशा नेमानं बोलणं आणि वेळेत, मुद्द्याला धरून उत्तर देणं याचा मोठा वाटा होता. दर तासाला मेसेज येण्याची गरज नव्हती; येणार म्हटलं की येतो, एवढा भरवसा हवा होता.

यापुढचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. 2001 मध्ये कॅथरीन क्रॅम्टन यांनी दूरदूर विखुरलेल्या 13 टीमांचा पत्रव्यवहार बारकाईनं वाचला. त्यांना आढळलं की घोटाळ्यांच्या मुळाशी बहुधा एकमेकांच्या परिस्थितीचं अज्ञान होतं. कुणाच्या देशात सुट्टी होती, कुणाचा ईमेल पोचलाच नव्हता, कुणाची परीक्षा चालू होती. पलीकडच्यांना यातलं काही दिसत नव्हतं, त्यांना दिसत होती फक्त शांतता. आणि शांततेचा अर्थ प्रत्येकानं आपापल्या परीनं लावला. बरेचदा तो ‘हा माणूसच बेजबाबदार’ असा निघाला. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण त्याच्या परिस्थितीत न शोधता त्याच्या स्वभावात शोधायचं, ही माणसाची जुनी सवय आहे. ली रॉस यांनी 1977 मध्ये तिला विचारातली मूलभूत चूक म्हटलं. पडद्यावर ही चूक जास्त घडते, कारण समोरच्याची खोली, घर, गाव, हवामान काहीच दिसत नाही.

गोव्यातल्या माणसाला या चुकीची झळ जरा जास्तच बसते. जुलैत तारेवर झाड कोसळतं आणि सत्तरीतल्या एखाद्या गावात अर्धा दिवस वीज नसते. इन्व्हर्टर दोन तास चालतो, मग राउटर बंद. मोबाईलला रेंज शोधायला घाटीपर्यंत चढावं लागतं. बंगळुरूच्या मॅनेजरला यातलं काय दिसतं? ‘ऑफलाइन’ एवढी एक खूण. चवथीला तिकडे एक दिवस सुट्टी, इथे माणूस मूळ घरी जातो, गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायची असते, कुणाचा गणपती दीड दिवस तर कुणाचा पाच दिवस असतो. 3 डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, 19 डिसेंबरला मुक्तिदिन, या दिवशी देशभरातली ऑफिसं चालू असतात. मग उत्तर उशिरा आलं की मीटिंगमध्ये कुणीतरी हसून म्हणतं, ‘गोव्यात आहे ना, सुशेगाद!’ म्हणजे निवांत, आरामात, आणि सगळे हसतात.

त्या हसण्यात एका माणसाची वर्षाची मेहनत पुसली जाते. विजेची अडचण त्याच्या स्वभावाच्या खात्यात जमा होते, पुढं मूल्यमापनात ‘तत्परता कमी’ असा शेरा बनून येते. दुसरीकडे जो खरोखर टाळाटाळ करतो, त्यालाही तोच शिक्का लागत असल्यानं खरा प्रश्न कधी ओळखलाच जात नाही. कुणाचाही स्वभाव ठरवण्याआधी त्याला दिवस कसा मिळाला होता हे विचारणं ही सौजन्याची बाब तर आहेच, नेमक्या निदानाचीही आहे. उशीर फक्त पावसाळ्यात होतो की बाराही महिने? एकाच्याच कामात होतो की सगळ्यांच्या? इतकं तपासलं तरी स्वभाव आणि परिस्थिती बऱ्याच अंशी वेगळी काढता येतात.

नोकरी देताना प्रश्नावलीवरून माणूस पारखायचा मोह अनेकांना होतो. तिथे दोन अडचणी आहेत. नोकरी हवी असलेला माणूस ‘मी कामं वेळेत पुरी करतो’ यापुढे बरोबरची खूण करणारच. शिवाय या प्रश्नावल्या मुख्यतः पाश्चात्त्य, शिकलेल्या लोकांवर घडवलेल्या आहेत. विकसनशील देशांतल्या अनेक सर्वेक्षणांतली माहिती 2019 मध्ये एकत्र तपासली गेली, तेव्हा हे पाच गट तिथे नीट वेगळे पडत नव्हते. प्रश्न समजण्यातला फरक, सगळ्यालाच ‘हो’ म्हणण्याची सवय, विचारणाऱ्याशी असलेलं नातं हे सगळं उत्तरांत मिसळलेलं होतं. आणि स्वभाव काही दगडावरची रेघ नाही. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा उपचार आणि प्रशिक्षणानं काही आठवड्यांतसुद्धा स्वभावाच्या गुणांत बदल दिसला, सर्वांत जास्त चिंताळूपणात.

मग टीम चालवणाऱ्यानं करायचं काय? स्वभाव दुरुस्त करत बसण्यापेक्षा गेलेली चौकट थोडी परत बांधावी. कोणतं काम कुणाचं, कधीपर्यंत, हे एका जागी लिहिलेलं असावं. मग काटेकोर नसलेल्यालाही आधार मिळतो. मेसेजला उत्तर किती वेळात अपेक्षित आहे हे ठरलं, की चिंताळू माणसाची दुपार वाचते. मीटिंगआधी प्रश्न लेखी पाठवून उत्तरंही लेखी घ्यावीत, मग बोलावं, म्हणजे म्यूटवरच्या मुलाचा मुद्दा आधीच टेबलावर असतो. तक्रार किंवा नकार चॅटवर लिहू नये, फोन करावा.

आणि नवा माणूस आला की पहिल्याच आठवड्यात प्रत्येकानं आपल्याबद्दल अर्धं पान लिहून टीमला द्यावं. मी कुठून काम करतो, तिथे वीज आणि नेट कसं असतं, घरात कुणाची देखभाल माझ्याकडे आहे, वर्षातल्या कोणत्या दिवशी मी मिळणार नाही, मला फोन चालतो की मेसेज, मी गप्प असलो तर त्याचा अर्थ साधारण काय धरावा. हे पान टीमच्या प्रमुखानं सर्वांत आधी लिहावं. आपल्या अडचणी मोकळेपणानं मांडाव्यात, ‘संध्याकाळी सहा ते सात आईला घेऊन डॉक्टरकडे असते, तेव्हा उत्तर येणार नाही’ इतक्या स्पष्टपणे. प्रमुखानं असं लिहिलं की कालच रुजू झालेल्या मुलालाही ‘पावसात आमच्याकडे लाईट जाते, तेव्हा फोन करा’ असं लिहिताना संकोच वाटत नाही.